डोक्यावरून जाणारी जादू

जादूगारांच्या जगात रहस्य फोडणं म्हणजे महापाप. लंडनच्या ‘मॅजिक सर्कल’ या १९०५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेचं लॅटिन ब्रीदवाक्यसुद्धा गुपितं बाहेर बोलू नयेत, याच अर्थाचं आहे. त्यामुळे जादूवर लिहायला बसणाऱ्याची मोठी पंचाईत होते. जे सांगण्यासारखं असतं ते सांगायचं नसतं, आणि जे सांगायची मोकळीक असते त्यात टोपी, ससा आणि टाळ्या यापलीकडे काही उरत नाही. सुदैवाने एक खेळ या नियमातून सुटला आहे. त्याचं रहस्य भर उजेडात, सगळ्या सभागृहादेखत पुन्हा पुन्हा उघडं पडत असतं. ते लपवायचं असतं फक्त एका माणसापासून, आणि तो माणूस जादूगाराच्या इतक्या जवळ बसलेला असतो की जरा हात लांब केला तर त्याच्या चष्म्याला लागावा.

खेळ असा. प्रेक्षकांतल्या एकाला वर बोलवायचं आणि रंगमंचाच्या मधोमध खुर्चीवर असं बसवायचं की लोकांना त्याची एक बाजू दिसेल. जादूगार त्याच्यासमोर उभा. त्याने एक कागदी रुमाल घ्यायचा, चुरगाळून त्याचा छोटा गोळा करायचा, तो डाव्या मुठीत ठेवल्यासारखं दाखवायचं, उजव्या हाताने हवेत ‘एक, दोन, तीन’ मोजायचं आणि मूठ उघडायची. गोळा गायब! खुर्चीतला माणूस थक्क होतो. समोर मात्र हशा पिकतो, कारण मोजता मोजता वर गेलेल्या उजव्या हाताने तो गोळा त्या गृहस्थाच्या टाळूवरून मागे भिरकावलेला सगळ्यांनी पाहिलेला असतो. मग दुसरा गोळा, पहिल्यापेक्षा मोठा. मग तिसरा, आणखी मोठा. शेवटी रुमालांचं अख्खं पाकीटच गायब होतं. खुर्चीमागे कागदांचा ढीग, आणि खुर्चीतला माणूस जादूगाराच्या बाह्या तपासतोय.

हा खेळ ज्याच्या नावाने ओळखला जातो तो टोनी स्लायडिनी. खरं नाव क्विंतिनो मारुच्ची. १९०० साली इटलीतल्या फोज्जा इथे जन्मलेला, अर्जेंटिनात वाढलेला आणि पुढे न्यूयॉर्कला येऊन तिथेच १९९१ पर्यंत जगलेला हा माणूस पिंजरे, करवती आणि धुराच्या लोटांच्या वाटेला फारसा गेला नाही. टेबलापलीकडे बसायचं आणि हातभर अंतरावरच्या माणसाची नजर गुंगवायची, हा त्याचा प्रांत. डिक कॅव्हेट हे अमेरिकेतले गाजलेले मुलाखतकार स्वतः हौशी जादूगार; त्यांनी १९७०च्या दशकात त्याला आपल्या कार्यक्रमात आणलं आणि जादूगारांच्या वर्तुळातलं हे नाव घराघरांत पोचलं. स्लायडिनीची शिकवण वरवर साधी होती. ‘तिकडे बघा’ असं ओरडून लक्ष वळत नाही. जादूगार पुढे झुकला की बघणारा ताणला जातो. जादूगार सैलावला की बघणाराही नकळत सैलावतो. आपलं काम त्या सैल क्षणात उरकून घ्यायचं.

जादूच्या इतिहासात याच्या अगदी उलट टोकाचा एक प्रसंग आहे. ९ एप्रिल १९५६ला बीबीसीच्या ‘पॅनोरामा’ कार्यक्रमात आपल्या पी. सी. सरकारांनी एका मुलीला करवतीने कापलं. मुलगी उठून बसायच्या आतच कार्यक्रमाची वेळ संपली. घाबरलेल्या प्रेक्षकांनी फोन करकरून बीबीसीला भंडावून सोडलं. त्या रात्री टीव्हीसमोर बसलेले सगळे फसले होते आणि करवतीखालची मुलगी तेवढी निर्धास्त होती. स्लायडिनीच्या खेळात सगळे निर्धास्त आणि खुर्चीतला एकटा फसलेला. मला विचाराल तर दुसऱ्या खेळाला जास्त धैर्य लागतं. करवतीचा खेळ फसला तर प्रेक्षक किंचाळतात. हा फसला तर अख्खं सभागृह कीव करतं.

मी हा खेळ शिकायला घेतला तो आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या विविधगुणदर्शनासाठी. तिथे वर्षानुवर्षं माझा एकच गुण दिसत आला होता, तो म्हणजे सतरंज्या घालणं. घरात सरावाला बसायला पहिली तयार झाली आई. तिने मुठीकडे भक्तिभावाने पाहिलं, गोळा नाहीसा झाल्यावर हात जोडले आणि विचारलं, “आता तो गोळा उचलणार कोण?” नव्वदीला टेकलेल्या बाईला डोक्यावरून गेलेला कागद दिसला नव्हता, पण घरात कुठेतरी कचरा झालाय हे तिला कळलं होतं.

सरावात पहिली गोष्ट कळते ती ही की यात जादू कमी आणि स्थापत्यशास्त्र जास्त आहे. माणसाला कडेचं पुष्कळ दिसतं, प्रत्येक बाजूला शंभरेक अंशांपर्यंत. वरचं मात्र साठेक अंशांपलीकडे दिसत नाही; भुवई आणि पापणी आडवी येते. त्यात तो खाली मुठीकडे बघत असेल तर वरची खिडकी आणखी बंद. म्हणून गोळा कानाशेजारून टाकला की चोरी पकडली जाते आणि बरोबर टाळूवरून टाकला की पचते. वर्तमानपत्राचा कागद कुरकुरतो, तो बाद. सैल गोळा हवेत फुलतो आणि वाटेतच नांगी टाकतो, म्हणून तो घट्ट वळायचा. डोक्यावर ट्यूबलाइट असेल तर गोळ्याची सावली त्या माणसाच्या मांडीवरून सर्रकन जाते, म्हणून खुर्ची सरकवायची. आणि सगळ्यात मोठा वैरी म्हणजे मांडवातला स्टँडचा पंखा. तो मागून लागलेला असेल तर गायब केलेला गोळा बिनचूक मालकाच्या कुशीत परत येतो.

दुसरी गोष्ट बायकोने शिकवली. तिला सगळं आधीच सांगितलं होतं, तरी ती खुर्चीत बसली. दोन गोळे झाल्यावर म्हणाली, “अहो, तुम्हीच वर बघताय. तुमचा तुमच्या मुठीवर विश्वास नाही, मग मी कशाला ठेवू?” ही समीक्षा शास्त्राला धरून होती. गुस्ताव कून आणि मायकल लँड या संशोधकांनी २००६ मध्ये असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार चेंडू दोनदा वर उडवतो, तिसऱ्यांदा नुसता हात उडवतो, चेंडू हातातच ठेवतो. त्याची नजर वर गेली तर साधारण दोन-तृतीयांश लोक चेंडू वर जाताना ‘पाहिला’ असं शपथेवर सांगतात. नजर हातावरच राहिली तर जेमतेम एक-तृतीयांश. गंमत म्हणजे यातले बरेच जण मध्येच जादूगाराचा चेहरा वाचून घेत होते. थोडक्यात, आपण वस्तूकडे बघत नाही, बघणाऱ्याकडे बघतो. तेव्हा मुठीत काही नाही हे पक्कं ठाऊक असताना तिच्याकडे असं बघायचं, की आत काहीतरी आहे असं आपल्यालाच वाटावं. हाताची सफाई आठवडाभरात येते. हा विश्वास यायला फार वेळ लागतो, आणि आला की थोडी भीतीही वाटते.

तिसरी आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे माणूस निवडणं. लहान मुलं उपयोगाची नाहीत, ती सांगाल तिथे बघतच नाहीत, आणि प्रेक्षकांतली मुलं “मागे बघा, मागे!” म्हणून गिल्ला करतात. बुजऱ्या माणसाला ओढून आणणं हा अन्याय. ज्याच्यावर लोक एरवीच हसतात त्याला तर चुकूनही बसवू नये. त्याच्या वाट्याचं हसणं कधीच पुरून उरलेलं असतं. बसवावा असा की ज्याला खुर्चीची सवय आहे, ज्याचं ऐकलं जातं आणि जो घरी गेल्यावरही तोच राहील. आमच्याकडे असा एकच माणूस होता, सोसायटीचे खजिनदार अण्णा. वर्गणीच्या पावतीवरचा आकडा अक्षरांशी जुळतो का, हे दिवा लावून बघणारे. आपल्या डोळ्यांदेखत काही नाहीसं होऊ शकतं ही कल्पनाच त्यांना मान्य नव्हती.

अण्णा आले, शर्टाची घडी नीट करून बसले आणि म्हणाले, “मी मुठीवरून नजर हलवणार नाही, आधीच सांगून ठेवतो.” जादूगाराला यापेक्षा मोठी देणगी मिळत नाही. पहिला गोळा गेला. मांडवात हशा उसळला. अण्णांनी एकदा लोकांकडे पाहिलं, लोक आपल्या गोंधळावर हसताहेत असा अर्थ लावला आणि पुढच्या गोळ्याला मुठीकडे आणखी झुकले. या खेळाची खरी कळ ही आहे. हशा म्हणजे उघड चुगली. सगळं सभागृह ओरडून सांगत असतं की काहीतरी मागे चाललंय. पण ज्याच्यावर हसलं जातं तो हसण्याचं कारण शोधायला मागे वळत नाही. तो आणखी लक्ष देतो, नेमकं जिथे द्यायला नको तिथे. अण्णांनी चौथ्या गोळ्याला माझं मनगट धरलं, पाचव्याला चष्मा पुसला. अख्खं पाकीट त्यांच्या डोक्यावरून गेलं तेव्हा ते माझ्या बाहीत डोकावत होते.

इथे जादूगाराने थांबायचं असतं. काही जण त्या माणसाला तसंच अंधारात ठेवून खाली पाठवतात. त्यात हशा मोठा मिळतो, पण तो हशा कडवट असतो. मी अण्णांना उठायला सांगितलं आणि खुर्चीमागे हात केला. त्यांनी वळून पाहिलं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर ताळेबंद न जुळल्याची छटा आली, आणि मग ते असे हसले की कमरेवर हात ठेवावा लागला. टाळ्या त्यांच्यासाठी होत्या. माझ्या हातांना एवढ्या टाळ्या मिळाल्या नसत्या.

नंतर मला वाटत राहिलं, की अण्णांचं काय चुकलं? काहीच नाही. त्यांनी जे करायला हवं तेच केलं, आणि तेही मन लावून. चुकीच्या जागी मन लावण्याला आपण वेंधळेपणा म्हणतो, पण मन लावलं नसतं तर ते फसलेच नसते. मांडवातले बाकीचे हुशार ठरले ते बुद्धीमुळे नाही, लांब बसल्यामुळे. आणि खुर्ची काही खजिनदारांसाठी राखीव नसते. मुलीचं कुठेतरी जमलंय हे इस्त्रीवाल्यापासून वॉचमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. बाबा मात्र तिच्या परीक्षेच्या निकालावर डोळे लावून बसलेले असतात. त्यांच्याइतकं तिच्याकडे कोणी पाहिलेलं नसतं, म्हणून तर त्यांना सगळ्यात शेवटी कळतं. जवळच्या माणसांविषयी आपण शंभर गोष्टी जाणतो आणि एकशेएकावी डोक्यावरून जाते. वर्षातून एकदा कोणीतरी आपल्याला हे कागदाच्या गोळ्यांनी समजावून सांगितलं, तर त्यात तोटा काही नाही. निदान मागे वळून बघायची सवय लागेल.

कोजागरीला गच्चीवर दूध आटत होतं तेव्हा लोकांनी तोच खेळ पुन्हा मागितला. दोनदा तोच खेळ दाखवू नये असं जादूची पुस्तकं सांगतात, पण या खेळाला तो नियमही लागू पडत नाही. रहस्य आधीच माहीत असलेले प्रेक्षक इथे जास्त हसतात. या वेळी खुर्चीत होते नुकतेच राहायला आलेले एक डॉक्टर, चेहऱ्यावर ‘मला शरीरशास्त्र कळतं’ असा भाव. मी रुमालाचं पाकीट उघडतोय तोच अण्णा पहिल्या रांगेतून उठून वर आले. खुर्चीची दिशा त्यांनी स्वतः ठीक केली, पंखा बंद करवला आणि डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून, पावती देताना लावतात तसला गंभीर आवाज लावून म्हणाले, “मी स्वतः बसलोय या खुर्चीत. घाबरायचं काही कारण नाही. फक्त एक करा, काही झालं तरी मुठीवरून नजर हलवू नका!”