जोशी-दप्तर

माझ्या घरातील एका सागवानी कपाटात केवळ जोश्यांनी लिहिलेले अथवा जोश्यांविषयी लिहिलेले ग्रंथ ठेवले जातात, ही वार्ता कानी पडताच सभ्य माणसे विषय बदलतात आणि असभ्य माणसे आमच्या घराण्यात पूर्वीही असे कुणी होते काय, अशी आस्थेने चौकशी करतात. वस्तुतः ज्याच्या वाट्याला वडिलार्जित म्हणून आडनावाखेरीज फारसे काही आले नाही, त्याने त्या आडनावाचाच वतनासारखा उपभोग घ्यावा, यात नवल कसले? गावगाड्यात जोशी हा बारा बलुतेदारांपैकी एक; पंचांग सांगावे, मुहूर्त काढून द्यावा आणि सुगीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन आपला हक्क पदरात पाडून घ्यावा, एवढी त्याची चाकरी. ती खळी गेली, ते बलुते गेले, आणि मुहूर्त तर हल्ली मंगल कार्यालयाच्या मोकळ्या तारखांवरूनच निघतात. अशा स्थितीत एखाद्या जोश्याने मराठी सारस्वताच्या राशीपाशी उभे राहून आपला पसाभर वाटा मागितला, तर त्याला वेड न म्हणता वहिवाट म्हणावे, असे माझे नम्र मत आहे.

या व्यवस्थेचा मुख्य लाभ असा, की विषयवारी लावलेल्या ग्रंथालयात जी माणसे जन्मात एकमेकांशेजारी बसली नसती, ती माझ्याकडे खांद्याला खांदा लावून उभी असतात. वामन मल्हार जोशी यांच्या ‘रागिणी’तील पात्रे प्रेमात पडण्यासारखे निकडीचे काम बाजूला ठेवून तत्त्वचर्चा करीत बसतात, आणि त्यांच्या लगत चिं. वि. जोश्यांचा चिमणराव आपल्या गुंड्याभाऊला घेऊन नव्या फजितीच्या शोधात निघालेला असतो. मध्ये केवळ पुठ्ठ्याची भिंत! पलीकडचा तो सगळा नीतिशास्त्राचा ऊहापोह चिमणरावाला रात्रभर ऐकू येत असला पाहिजे, आणि ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ हे नाव त्याला त्यावरूनच सुचले असावे, अशी माझी एक निराधार पण लाडकी उपपत्ती आहे. चिं. वि. हे स्वतः पालीचे गाढे अभ्यासक. बडोद्यास प्राध्यापकी करावी, गायकवाड सरकारच्या दप्तरातील रुमाल सोडावे व बांधावे, बुद्धाच्या जातककथा मराठीत आणाव्यात, आणि अशा भारदस्त दिनक्रमातून चोरलेल्या वेळात महाराष्ट्राला पोट धरून हसवावे, हा योग विरळा. दुःख एकाच गोष्टीचे आहे. एवढा कर्तबगार मानसपुत्र, पण बापाने त्याचे आडनाव लावले जोग! कर्ता जोशी असल्याने ग्रंथ दप्तरी दाखल झाला, हे खरे; परंतु नायक दत्तक गेल्याची सल मनात राहते ती राहतेच.

त्याखालचा कप्पा शास्त्रीमंडळींचा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी मराठी विश्वकोश उभारला आणि पंडित महादेवशास्त्री जोशी यांनी दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश सिद्ध केला. म्हणजे विश्व एका जोश्याकडे आणि संस्कृती दुसऱ्याकडे अशी वाटणी होऊन इतर आडनावांसाठी नेमके काय शिल्लक राहिले, हा प्रश्न मी पाहुण्यांना विचारीत असतो व पाहुणे घड्याळाकडे पाहत असतात. शिक्षित म्हणवणारी मंडळीही या दोन शास्त्र्यांची सर्रास अदलाबदल करतात. एक खानदेशातील पिंपळनेरचे, वाईच्या प्राज्ञपाठशाळेत धर्मशास्त्र पचवून पुढे ‘हिंदुधर्माची समीक्षा’ लिहिणारे. त्यांच्याच ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथाला १९५५ साली मराठीतले पहिले साहित्य अकादेमी पारितोषिक मिळाले. दुसरे गोव्यातील सत्तरीच्या आंबेड्याचे, कोशाच्या आधी हळुवार कथा लिहिणारे. त्यांच्या कथांवर चित्रपट निघाले. तथापि कोशांच्या भाराने खालची फळी मधोमध वाकली, तेव्हा आलेल्या सुताराने कोणताही पक्षपात न करता दोन्ही शास्त्र्यांना एकदमच जमिनीवर उतरवून ठेवले.

कपाटातील अग्रपूजेचा मान मात्र श्री. ज. जोश्यांच्या ‘आनंदी गोपाळ’कडे. विषय आनंदीबाई जोशी. त्यांचे यजमान गोपाळराव जोशी. बाईंचे माहेर कल्याणच्या जोश्यांचे. आणि कादंबरीकारही जोशी! एवढी निर्भेळ सनद दुसऱ्या कोणत्या ग्रंथापाशी असेल? कॅरोलाइन डॉल या अमेरिकन विदुषीने आनंदीबाईंच्या मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी, १८८८ साली, त्यांचे चरित्र प्रसिद्ध केले, आणि इकडे काशीबाई कानिटकरांनी ते मराठीत लिहिले. या दोघी आडनावाने परक्या असल्या तरी विषयाच्या पुण्याईने आत आल्या आहेत. ज्या बाईंनी १८८६ साली फिलाडेल्फियात वैद्यकाची पदवी मिळवली आणि पुढच्याच वर्षी, बावीस पुरी होण्याआधी, पुण्यात देह ठेवला, त्यांच्यापुढे माझी थट्टा मुकाट्याने बाजूला होते. गोपाळरावांच्या बाबतीत तिला एवढा संकोच करण्याचे कारण नाही. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक-रानड्यांसह अनेक प्रतिष्ठितांपुढे चहा-बिस्किटे आली, आणि त्या उपस्थितांची नावे गोपाळरावांनी वर्तमानपत्रात छापवून आणली. त्यातून ग्रामण्य माजले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली, प्रायश्चित्ते झाली. एका कपभर चहातून इतकी उलाढाल करणे हे कुणाही येरागबाळ्याचे काम नव्हे, आणि तो गृहस्थ आपल्यातला होता हे सांगताना छाती फुगावी की मान खाली घालावी, याचा निर्णय मी अद्याप तहकूब ठेवला आहे.

सरहद्दीचे तंटे निराळेच. गुजरातीतील उमाशंकर जोशी यांना १९६७ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालेला असल्यामुळे त्यांच्या प्रवेशास हरकत घेण्याची माझी छाती झाली नाही. मग इलाचंद्र जोशी आणि मनोहर श्याम जोशी हे कुमाऊँकडचे हिंदी कादंबरीकारही त्याच दाखल्यावर आत आले. शरद जोशी मात्र दोन निघाले. एक हिंदीतले व्यंगकार आणि दुसरे शेतकरी संघटनेचे. कांद्याच्या भावाचे गणित आणि सरकारी कारभाराची टिंगल हे एकाच लेखणीचे काम आहे, असे समजून एका विद्वान स्नेह्यांनी दोघांचीही पुस्तके नेली आणि तो समज कायम ठेवूनच परत केली; मीही तो दूर केला नाही, कारण सरकारविषयीचे दोघांचे मत पाहता त्यात फारसे वावगे नव्हते.

परंतु खरी तकरार परराज्यातून न येता स्वयंपाकघरातून आली. आमच्या सौभाग्यवती माहेरच्या देशपांडे. “अहो, जोशी गावापुरता, देशपांडे अख्ख्या परगण्याचा,” असे सांगून त्यांनी वरच्या दोन कप्प्यांवर दावा लावला आणि पुराव्यादाखल पु. ल. हजर केले. १९५० च्या मुंबई कायद्याने परगणा व कुलकर्णी वतने खालसा झाल्याचे मी निदर्शनास आणले. त्यावर त्यांनी सुनीताबाई, कवी अनिल, कुसुमावती, ना. घ. आणि गौरी देशपांडे अशी फौजच उभी केली. सुनीताबाई मूळच्या ठाकूर, कुसुमावती जयवंत आणि गौरीबाई कर्वे, तेव्हा हे देशपांडेपण सासरचे, असा कायद्याचा मुद्दा मी काढला मात्र, तोच “मग मी कोण?” असा सवाल आला. जोशी म्हणावे तर अर्धे कपाट त्यांचे, देशपांडे म्हणावे तर वरचे दोन कप्पे त्यांचे! मी तहनामा केला. पु. लं.च्या सर्व आवृत्त्यांसह वरचा मुलूख गेला, आणि दोघे शरद जोशी एकत्रच खाली सरकले.

आता चिरंजीवांचे लग्न ठरते आहे आणि मुलगी कुलकर्ण्यांची आहे. याद्या करण्याच्या बैठकीत देण्याघेण्याचा विषय आम्ही काढलाच नाही. मी फक्त तिच्याकडे पुस्तके किती, एवढे विचारले. जी. ए. संपूर्ण, असे ती म्हणाली, आणि माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच तिने वा. ल., गो. म., व. दि. आणि द. भि. ही नावे घेतली. जी. एं.साठी मी वामन मल्हारांना थोडे दाटीने बसायला सांगेन. पण एकाच आडनावाचे चार समीक्षक घरात घ्यायचे म्हणजे त्यांच्यासाठी माळा रिकामा करावा लागेल, आणि माळ्यावर सध्या सौभाग्यवतींच्या लोणच्याच्या बरण्या आहेत.