पुढील स्टेशन

आमच्या ऑफिसात माणसांना आडनावं असतात ती पगाराच्या स्लिपवर. एरवी सगळे स्टेशनावरून ओळखले जातात. ‘टिटवाळा आले का?’, ‘फाइल नालासोपाऱ्याकडे दिलीय’, ‘पनवेल आज येणार नाहीत, हार्बर ठप्प आहे’ असं सर्रास चालतं आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. एकदा स्टेशन कळलं की माणसाचं बरंच काही कळतं. पगार साधारण किती, हप्ता अजून किती वर्षं, डबा पहाटे किती वाजता भरला गेला आणि साडेपाचनंतर त्याला मीटिंगमध्ये अडकवण्यात काही अर्थ आहे का, हे सगळं.

यातले एक गृहस्थ सध्या ‘बदलापूर’ आहेत. सध्या अशासाठी, की मी इथे लागलो तेव्हा ते ‘डोंबिवली’ होते. पुढे ‘अंबरनाथ’ झाले. तेव्हा नागपूर शाखेतल्या एका साहेबांनी फोनवर ‘जरा डोंबिवलींना द्या’ म्हटलं. आमच्या ऑपरेटर बाई म्हणाल्या, ‘ते आता अंबरनाथ झाले.’ ‘अरे वा,’ साहेब म्हणाले, ‘अभिनंदन सांगा.’

असे एक ‘बदलापूर’ मुंबईतल्या जवळजवळ प्रत्येक ऑफिसात असतात. सीएसएमटीकडे पाठ करून, दर काही वर्षांनी चार-दोन स्टेशनं, असं त्यांचं सरकणं चालू असतं. पण ‘परवडत नव्हतं’ हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेले नाहीत. डोंबिवली त्यांनी सोडली ती गर्दीला कंटाळून. अंबरनाथ सोडलं, कारण तिथे ‘हल्ली फार बाहेरचे लोक यायला लागले’. स्वतः तिथे येऊन त्यांना तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

खरी हकिगत अर्थात अकरा महिन्यांच्या कराराची आहे. डोंबिवलीचा मालक दर करारामागे दहा टक्के वाढवायचा, आणि एका वर्षी त्याच्या मुलाचं लग्न ठरलं. घरमालकांच्या मुलांची लग्नं करार संपायच्या सुमारासच ठरतात. यावर ‘बदलापूर’ चिडत नाहीत, इतिहास सांगतात. १९४७ च्या भाडे कायद्यानं मुंबईतली भाडी १९४० सालच्या आकड्यावर बांधून टाकली, भाडेकरू हलेना, तेव्हापासून घरमालकांच्या अख्ख्या जातीनं भाडेकरूची धास्ती घेतली. मग ‘भाडेकरू’ हा शब्दच नको म्हणून लीव्ह अँड लायसन्स आलं. भाडे कायद्याचा फायदा त्यांच्या घराण्याला झालेला आहे. लालबागच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली अजून जुन्याच भाड्यात आहे. फक्त ती थोरल्या भावाकडे आहे. ‘एकाच कायद्यानं दादाला घर दिलं आणि मला प्रवास,’ असं ते म्हणतात, आणि ते तक्रारीच्या सुरात नाही. दोन्ही गोष्टी त्यांना सारख्याच मोलाच्या वाटतात.

त्यांच्या भूगोलात किलोमीटर नाहीत. बदलापूर सीएसएमटीपासून अडुसष्ट किलोमीटरवर आहे असं मी एकदा कुठेतरी वाचून त्यांना सांगितलं, तर त्यांना माझी दया आली. ‘फास्टनं का स्लोनं?’ त्यांनी विचारलं. ते वेळही आपल्यासारखी सांगत नाहीत. ‘आठ वाजता निघतो’ म्हणणारा माणूस त्यांच्या लेखी बेरोजगार. सात-एक्कावन्न, आठ-चार अशा वेळांनी त्यांचा दिवस बनतो, आणि सात-एक्कावन्न आणि सात-त्रेपन्न या दोन वेळांमध्ये एक अख्खं आयुष्य मावतं हे त्यांना पाहिल्यावर पटतं.

घराचं क्षेत्रफळ त्यांना दुय्यम वाटतं. पहिला प्रश्न असतो, सीट मिळते का? अंबरनाथला असताना ते सकाळी उलटे बदलापूरला जायचे आणि तीच गाडी पकडून बसून यायचे. त्याला ते व्यवहारज्ञान म्हणत. बदलापूरला राहायला आल्यावर त्यांना दिसलं, की अंबरनाथची माणसं गाडीत आधीच बसून येतात आणि बदलापूरचा माणूस आपल्याच स्टेशनात उभा राहतो. आता त्या माणसांना ते ‘घुसखोर’ म्हणतात आणि डब्याच्या दारात त्यांच्याशी तत्त्वाचं भांडण करतात. या भांडणात त्यांना समोरच्याची एकूण एक कारणं आधीच ठाऊक असतात, कारण ती त्यांनीच तयार केलेली आहेत.

चौथ्या सीटवर निम्मं अंग टेकवून केलेल्या या प्रवासात त्यांनी काय काय केलं याची यादी ते देतात. पत्रव्यवहारानं एक पदविका, शेअर बाजारात थोडं नुकसान, भजनी मंडळात टाळ, दसऱ्याला डब्याची पूजा आणि तीन जणांची लग्नं जुळवणं. ‘हे सगळं दादरला राहून झालं असतं?’ ते विचारतात. नसतं झालं, हे कबूल करावंच लागतं.

पण त्यांची खरी विद्या म्हणजे जागा बघणं. स्वतःसाठी बघायची नसली तरी ते रविवारी कोणाबरोबर तरी जातात. मेगाब्लॉकचा रविवार ते मुद्दाम निवडतात, ‘रोग आजारपणातच बघावा’ म्हणून. मीही एकदा भाच्यासाठी जागा बघायला त्यांना घेऊन गेलो होतो. एजंट स्कूटरवरून पुढे, आम्ही मागून रिक्षात. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं जाहिरातीत होतं. ‘पाच मिनिटं कोणाची, ते आधी विचारायचं,’ यांनी मला समजावलं. ‘फाटक उघडं, रिक्षा रिकामी, पाऊस नाही आणि चालवणारा एजंटचा मेव्हणा, अशी ती पाच मिनिटं असतात.’

बिल्डिंगपाशी पोचल्यावर एजंट लिफ्टकडे वळला. हे कंपाउंडच्या भिंतीकडे गेले. भिंतीवर वाकून ते काहीतरी शोधत होते. २००५ च्या सव्वीस जुलैला उल्हास नदीचं पाणी कुठपर्यंत चढलं होतं त्याची रेघ. बिल्डिंग २०१० ची आहे असं एजंटनं सांगितल्यावर ते शेजारच्या जुन्या बंगलीची भिंत बघून आले. मग वॉचमनला पाण्याची वेळ विचारली आणि टँकरच्या चाकांच्या खुणा बघितल्या. खाली टेबल लावून बसलेल्या इस्त्रीवाल्यापाशी बराच वेळ उभं राहून किती घरांतून कपडे येतात, कोण सोडून चाललंय आणि का, हे काढून घेतलं. फ्लॅट बघायला ते वर आलेच नाहीत. ‘वर काय बघायचंय? खोल्याच असणार.’

नव्या बांधकामाला गेले तर मात्र वर जातात, ते सॅम्पल फ्लॅटसाठी. सॅम्पल फ्लॅटमधली मुलगी ‘सर, हा मास्टर बेडरूम’ म्हणेपर्यंत हे बूट काढून पलंगावर आडवे झालेले असतात. पावलं बाहेर लोंबली की समाधानानं उठतात. ‘पलंग साडेपाच फुटी केलाय. म्हणजे खोली मोठी दिसते.’ महारेरा आल्यापासून जाहिरातीत कार्पेट एरिया द्यावा लागतो हे त्यांना मान्य आहे. त्याआधी जिना, लिफ्ट, गच्चीतला वाटा आणि बिल्डरचा उत्साह हे सगळं चौरस फुटांत धरत असत. पण आपली माणसं अजून पलंग मोजत नाहीत, ही त्यांची खंत आहे.

एवढं बारकाईनं बघून त्यांनी स्वतः घेतलेल्या फ्लॅटचं काय? त्याला नळाचं पाणी एक दिवसाआड येतं. हे त्यांना आधी माहीत होतं. ‘माहीत असून घेतला,’ ते अभिमानानं सांगतात, ‘फसवलं कोणी नाही.’

त्यांच्याविषयी एक गोष्ट मला बऱ्याच उशिरा कळली, तीही त्यांनी सहज बोलता बोलता सांगितली म्हणून. आमचं ऑफिस लोअर परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आहे. गिरणीची चिमणी शोभेला ठेवली आहे, बाकी सगळी काच. त्यांचे वडील याच गिरणीत साच्यावर होते. भोंगा झाला की लालबागच्या चाळीतून निघायचे आणि चालत पाळीवर हजर व्हायचे. १९८२ च्या जानेवारीत संप झाला, मग गिरणी राहिली नाही आणि वडीलही फार वर्षं राहिले नाहीत. त्याच आवारात मुलगा दादरला गाडी बदलून, करी रोडला उतरून, घरापासून दोन तासांनी येतो. मी ऐकून गंभीर झालो. काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, ‘केवढा फरक पडला ना एका पिढीत!’ ‘फारच,’ ते म्हणाले. ‘वडिलांना रोज चालावं लागायचं. मी बसून येतो.’

गिरणी कामगारांच्या वारसांना घरं द्यायची आहेत आणि अर्ज लाखावर आहेत. त्यात यांचाही एक आहे. सरकारनं अलीकडे वारसांसाठी शेलू आणि वांगणीच्या जागा पुढे केल्या तेव्हा गिरणगाव पेटलं. जुलै २०२५ मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानात जमले, की ज्या मुंबईत घाम गाळला तिथेच घर द्या. मागणी रास्त आहे. थोरल्या भावानं यांनाही सभांना ओढून नेलं. लालबागच्या अशाच एका सभेत वक्त्यानं गर्जून विचारलं, ‘वांगणीला कोण जाणार?’ आणि यांचा हात वर गेला. भावानं तो खाली ओढला. परतताना भाऊ एक शब्द बोलला नाही. हे मात्र विचारात पडले होते, कारण पुढचा मुक्काम म्हणून वांगणी त्यांनी स्वतःच्या पैशानं हेरून ठेवलं होतं. सरकारही त्याच निष्कर्षाला आलेलं पाहून त्यांना आपण काळाच्या पुढे असल्याची खात्री पटली.

वांगणीबद्दल आता ते आम्हाला जेवणाच्या सुटीत समजावतात. इंडिकेटरवर अंबरनाथ ‘ए’ असतं, बदलापूर ‘बीएल’, पण त्यापुढे कर्जतची गाडी एकदम ‘एस’ होते, आणि कसाऱ्याची ‘एन’. कारण कल्याणला रेल्वेच्या वाटा फुटतात, एक ईशान्येला (नॉर्थ-ईस्ट), एक आग्नेयेला (साउथ-ईस्ट). इंग्रजांच्या रेल्वे कंपनीच्या वेळेपासूनची नावं. ‘म्हणजे वांगणीला गेलो की मी एसचा माणूस.’ ऑफिसात त्यांची बढती बरीच वर्षं रखडली आहे. इंडिकेटरवर ती वेळेवर होत आलेली आहे.

‘पण पुराचं काय?’ नालासोपारा विचारतात. (नालासोपाऱ्यानं हा प्रश्न विचारावा, हा भाग वेगळा.) २०१९ च्या जुलैत महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारावर प्रवासी, होड्या, वर हेलिकॉप्टरं. ‘अख्ख्या देशानं त्या दिवशी वांगणी पाहिलं,’ हे म्हणतात. ‘एवढी जाहिरात कोणत्या बिल्डरला परवडली असती?’ शिवाय सगळं व्हायचंच आहे. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन झाली की, पनवेल-कर्जत लोकल झाली की, कांजूरमार्गहून बदलापूरला मेट्रो झाली की. त्यांच्या सगळ्या वाक्यांत ‘झाली की’ असतं. त्या ‘की’च्या पुढे काय होणार हे ते सांगत नाहीत, फक्त हातानं पूर्वेकडे एक मोठी दिशा दाखवतात.

वहिनींचा या चर्चेत सहभाग नसतो. त्या उल्हासनगरच्या एका शाळेत आहेत, म्हणजे या सगळ्या सरकण्यात त्यांच्या शाळेचं अंतर आधी घटलं आणि मग वाढत गेलं, हे फक्त त्यांनाच लक्षात आहे. बदलापूरच्या घराची वास्तुशांत झाली तेव्हा आम्ही गेलो होतो. सामानाची रिकामी खोकी कोणीतरी खाली नेऊन टाकायला निघालं. ‘राहू देत हो,’ वहिनी म्हणाल्या, आणि एकेक खोकं नीट घडी करून त्यांनी माळ्यावर सरकवलं.

यंदा त्यांच्या मुलाला हिंजवडीला नोकरी लागली. जागा बघायला अर्थात बाबा गेले. पुण्याचा त्यांच्यावर फार वाईट परिणाम झाला. वाकड, ताथवडे, पुनावळे, सगळीकडे एजंट किलोमीटरमध्ये बोलत होते. ‘सर, ऑफिस फक्त सात किलोमीटर.’ यांनी विचारलं, ‘किती वाजताचे सात?’ एजंटला प्रश्नच कळला नाही. मुलगा म्हणाला, संध्याकाळी या सात किलोमीटरला तास लागतो, कधी जास्त. गाडी कुठली? आपलीच बाइक. म्हणजे तासभर तिष्ठायचं, आणि तेही स्वतः चालवत! ना सीट, ना भजन, ना ओळखीचा चेहरा. इतका वेळ फुकट घालवणारं शहर त्यांनी पाहिलं नव्हतं. दोन दिवस ते काही न बोलता नकाशा घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी मुलाला उठवून त्यांनी निर्णय सांगितला.

‘तळेगाव घे. पुणे-लोणावळा लोकल आहे. हवा चांगली, भाडं कमी आणि बसायला मिळतं.’

‘पण बाबा, ती लोकल हिंजवडीला जात नाही.’

‘आज नाही जात,’ बाबा म्हणाले.