रा. रा. डिझायनरसाहेब, गॅरेज पावलं!

श्री. रा. रा. इंटिरियर डिझायनरसाहेब यांसी,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, आमच्या कोल्हापूरच्या घरातलं गॅरेज आपण नव्यानं करून दिलंत, त्याला गेल्या दिवाळी पाडव्याला वर्ष झालं. या वर्षभरात आपले आभार मानायचे राहूनच गेले. आमचे आबा म्हणतात, कुणाचं ऋण डोक्यावर ठेवू नये. म्हणून आज सवडीनं लिहायला बसलो आहे.

आपण कायद्याला धरून काम केलंत, हे आधी मान्य करतो. २०१६ च्या रेरा कायद्यात गॅरेजची व्याख्या दिली आहे: छप्पर असलेली आणि तीन बाजूंनी भिंती असलेली, वाहन ठेवायची जागा. आमचं छप्पर आणि तिन्ही भिंती आपण जागच्या जागी राहू दिल्यात. हात लावलात तो फक्त त्यांच्यामधल्या सगळ्याला.

पहिल्या भेटीत आपण विचारलंत, "ही जुनी टॅक्सी कधी काढताय?" या प्रश्नाबद्दल मी आपला विशेष आभारी आहे. ती आबांची १९८२ ची प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली उभ्या केलेल्या कंपनीची, फियाट ११०० च्या घराण्यातली, कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली. कंपनीचं सर्व्हिस सेंटर नाही, शोरूम नाही. पार्ट मिळाला तर मिळाला, नाहीतर उद्यमनगरात लेथवर करून घ्यायचा. अशी गाडी मालकाच्या हातांवर जगते. त्या हातांना उठायला-बसायला जागा हवी, एवढ्यासाठीच तर आम्ही आपल्याला बोलावलं होतं.

आपण दाखवलेलं थ्रीडी चित्र अजून जपून ठेवलं आहे. त्यात एक लाल परदेशी गाडी उभी आहे, जमिनीत तिचं प्रतिबिंब पडलं आहे आणि दोन्ही भिंतींना छतापर्यंत कपाटं आहेत. त्या गाडीची चारही दारं बंद आहेत, हे माझ्या लक्षात आलं नाही. आपल्या लक्षात यायला हवं होतं. त्याची फी आपण घेतली होती.

आमचं गॅरेज आतून ३०० सेंटिमीटर रुंद. पद्मिनीची रुंदी साधारण १४६. म्हणजे दोन्ही बाजूंना पाऊण-पाऊण मीटर सुटत होतं. दार उघडून माणूस उतरू शकत होता, चाकाशी उकिडवा बसू शकत होता. आपण दोन्ही भिंतींना ४५-४५ सेंटिमीटर खोलीची कपाटं बसवलीत. उरले दोन्ही बाजूंना ३२-३२. गृहप्रवेश असावा तशी गाडी ओवाळून आत घेतली, आणि सत्तरी ओलांडलेले आबा आत अडकून बसले. दार दीड वीतही उघडेना. गाडी पुन्हा बाहेर काढली तेव्हा ते उतरले आणि एवढंच म्हणाले, "आरं, हितं गाडी लावायची का पंगत बसवायची?"

जमिनीबद्दल तर किती आभार मानू! जुना खडबडीत कोबा उखडून आपण आरशासारख्या व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्यात. पाहुणे चपला काढून आत येऊ लागले. ट्रॉली जॅकनं गाडी उचलताना जॅकचा उचलणारा दांडा कमानीत वर जातो, त्यामुळे जॅकला स्वतःच्या चाकांवर थोडं पुढं सरकावं लागतं. त्याचं चाक टाइलच्या सांध्यात अडकलं की जॅक तिरपा होतो, आणि वर गाडी असते. एके दिवशी आम्ही जॅक स्टँड लावला आणि गाडीचा भार त्याच्या चार बोटभर पायांवर आला. टाइलखाली पोकळी राहिली होती. कट्ट असा आवाज झाला आणि स्टँडचा एक पाय टाइलमध्ये घुसला. गाडी कलली, पडली नाही. खाली कुणी झोपलेलं नव्हतं. आणखी पाच मिनिटांनी मी असतो.

साहेब, गाडीखाली पाठ टेकून झोपणारा माणूस आपला जीव जमिनीवर ठेवतो. त्याला हवं असतं चांगलं पाच इंच जाडीचं काँक्रीट, ट्रिमिक्स केलेलं, शटरच्या दिशेनं शंभराला एक असा उतार दिलेलं. वर इपॉक्सी चढवायचा असेल तर काँक्रीट महिनाभर पिकू द्यायचं आणि खालून ओल येत नाही ना हे बघायचं, नाहीतर तो पापुद्र्यासारखा सुटतो. यात चकाकणारं काही नाही, म्हणून आपल्या कॅटलॉगमध्येही ते नसावं.

उजेडाच्या बाबतीत आपण हात आखडता घेतला नाहीत. बारा फुटांचं छत पीओपी करून नऊ फुटांवर आणलंत, त्याच्या कडेनं लपवलेले पिवळे दिवे, मध्ये एक गोल झुंबर. संध्याकाळी छत काय सुंदर दिसायचं! झुंबराचा उजेड गाडीच्या टपावर पडायचा. इंजिन अंधारात, चाकं अंधारात, गाडीचं पोट मिट्ट काळोखात. गॅरेजमध्ये दिवे हवेत दोन्ही बाजूंच्या भिंतींलगत आणि एक समोर कामाच्या टेबलावर, पांढरे, बाजूनं उजेड टाकणारे. आणि छत खाली आणताना आपण आमचं एक स्वप्नही खाली आणलंत. दोन खांबांच्या लिफ्टला साधारण साडेतीन मीटर उंची लागते. ती आमच्याकडे होती.

वीजजोडणीत आपण दाखवलेला विनय मी विसरणार नाही. दोन पॉइंट, दोन्ही सहा अँपिअरचे, दोन्ही जमिनीपासून वीतभर उंचीवर, "दिसू नयेत म्हणून". दोन एचपीचा काँप्रेसर सुरू होताना चालतानाच्या कितीतरी पट करंट ओढतो. दर वेळी घर अंधारात जायचं. मग एक्स्टेन्शनच्या वायरी ओल्या जमिनीवरून फिरू लागल्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साठते, आणि ठिणगी पाडणारा प्लग आपण नेमका तिथंच दिलात. शिवाय हे कोल्हापूर आहे. २०१९ ला आणि २०२१ ला पंचगंगेनं या शहराला पाणी किती चढतं ते दाखवलं आहे. पॉइंट कमरेइतक्या उंचीवर हवेत, सोळा अँपिअरचे, वेगळ्या सर्किटवर, नीट अर्थिंग केलेले, ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीसह. उद्या घरात इलेक्ट्रिक गाडी आली तर तिच्यासाठी जाड वायरीची वाट आजच भिंतीत सोडून ठेवायची. हे सगळं प्लास्टरच्या आधी फुकटासारखं होतं. नंतर छिन्नी-हातोडा लागतो.

आता हवेविषयी. इथं मात्र, साहेब, मला आभाराचे शब्द सापडत नाहीत.

जुन्या गॅरेजला खाली जाळी होती आणि वर झरोका होता. "धूळ येते, एसीची हवा जाते" म्हणून आपण दोन्ही बुजवलेत. ती जाळी आबांनी उगाच ठेवली नव्हती. पेट्रोलची वाफ खालून बाहेर जावी म्हणून ती होती, आणि बॅटरी चार्ज होताना सुटणारा हायड्रोजन हलका, तो वर जातो, म्हणून झरोका होता. जानेवारीतल्या एका थंड सकाळी आबांनी चोक ओढून गाडी सुरू केली. वारा लागू नये म्हणून शटर अर्धं खाली होतं. दहा मिनिटांनी मी चहा घेऊन गेलो, तर ते मडगार्डवर हात टेकून उभे होते आणि डोकं गरगरतंय म्हणत होते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो, वास नसतो. मी शटर वर ढकललं आणि त्यांना धरून अंगणात आणलं. त्या दिवसापासून भिंतीवर लाल रंगात लिहिलं आहे: इंजिन सुरू करण्याआधी शटर पूर्ण वर, शक्यतो गाडीच बाहेर. जाळी असली तरी हा नियम मोडायचा नाही. पण जाळी नसण्याला आपण सजावट म्हणालात, ते मी विसरू शकत नाही.

अग्निशामक सिलिंडरचा लाल रंग आपल्या करड्या भिंतीला शोभेना, म्हणून तो आपण कपाटात, सर्वांत आत ठेवलात. पेट्रोल पेटलं तर पाणी ओतायचं नसतं, एबीसी पावडरचा सिलिंडर लागतो, आणि तो बाहेर पडायच्या वाटेवर लागतो, आगीच्या पलीकडे नव्हे. मधोमध दिलेली सुंदर स्टीलची जाळी आपण थेट पावसाच्या गटाराला जोडलीत. सांडलेलं इंजिन ऑइल तिथून कुठं जातं, हे कोल्हापूरकराला सांगावं लागत नाही. आम्ही ती बुजवली. जुनं ऑइल आता कॅनमध्ये साठवतो आणि ते रीतसर नेणाऱ्याच्या हवाली करतो.

शेवटचे आभार कपाटांचे. हँडल नसलेली, दाबलं की उघडणारी, एकसारखी बावीस दारं. ग्रीस लागलेल्या बोटांनी ती दाबायची. दहा-अकराचा पाना हवा असेल तर कोणतं दार? गोटी पान्याचा सेट कुठं? ब्रेकचं काम अर्ध्यात असताना मी बावीस दारं उघडली आहेत. आषाढातल्या पहिल्या दमदार झडीत आपण दिलेला पार्टिकल बोर्ड फुगला आणि नऊ दारं उघडायचीच बंद झाली. आत हत्यारांवर गंज चढत राहिला.

आणि त्या कपाटांसाठी जागा करताना आपण एक फळी भंगारात दिलीत.

चार फूट बाय तीन फुटांची सागवानी फळी. आबांनी गाडी घेतली त्याच वर्षी भिंतीवर ठोकलेली. तिच्यावर खिळे, आणि प्रत्येक खिळ्याखाली त्या त्या हत्याराची आकृती, गाडीला टचअप करून उरलेल्या रंगानं रेखलेली. सहा-सातपासून तीस-बत्तीसपर्यंतचे पाने ओळीनं, मग पक्कड, टॉमी, प्लगचा पाना, फीलर गेज. काम संपलं की फळीकडे एक नजर टाकायची. रिकामी आकृती दिसली की समजायचं, पाना अजून इंजिनात राहिला आहे. चाळीस वर्षांत एकही हत्यार हरवलं नव्हतं. मला आकडे आधी त्या फळीवर कळले, पाटीवर नंतर. आपल्या माणसांनी हत्यारं गोणपाटात भरून ठेवली, आणि फळी "थीममध्ये बसत नाही" म्हणून उचलली. मी भंगारवाल्याकडे गेलो तेव्हा ती कुणाच्या तरी बंबात गेली होती.

साहेब, हत्यारं लावायची एवढीच विद्या आहे: जे रोज लागतं ते उघड्यावर, डोळ्यांच्या उंचीवर; जे एका कामाला लागतं ते सगळं एका खणात; जे जड आहे ते खाली; जे पेटतं ते घराबाहेर. आणि जागेवर नसलेली वस्तू लांबून दिसली पाहिजे. आबा आठवी शिकलेले आहेत. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. ते रोज काम करत होते म्हणून त्यांना कळलं.

गेल्या दिवाळीत आम्ही टाइल्स काढल्या, काँक्रीट टाकलं, पीओपी उतरवलं, जाळी आणि झरोका पुन्हा मोकळा केला. एका बाजूची कपाटं काढली, दुसऱ्या बाजूची वरच्या वर नेली, बॉनेटच्या वर. सुताराकडून वॉटरप्रूफ प्लायची नवी फळी करून घेतली. आबांनी एकेक पाना तिच्यावर आडवा ठेवला आणि त्याच्याभोवती ब्रश फिरवला. हात थरथरत होता, म्हणून काही आकृत्या जरा जाड आल्या आहेत. त्या तशाच राहतील.

आपल्याला एकच विनंती आहे. पुढच्या गॅरेजचं काम घ्याल तेव्हा चित्र काढण्याआधी त्या घरच्या गाडीखाली दहा मिनिटं पाठ टेकून झोपा. उजेड कुठून हवा, हवा कुठून हवी, पाना हाताला कुठं लागायला हवा, हे सगळं तिथून दिसतं. चटई आमची घेऊन जा.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक पद्मिनीवाला

ता. क. हे पत्र वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी: घरी गॅरेज करणार असाल तर आधी मोकळ्या जागेत गाडी आत घ्या. चारही दारं, बॉनेट आणि डिकी पूर्ण उघडा. मग खडू घेऊन त्या उघड्या गाडीभोवती जमिनीवर रेघ मारा, आणि रेघेबाहेर उकिडवं बसता येईल एवढी जागा आणखी सोडा. सुताराला त्यानंतर बोलवा.