खालून तिसरं, उजवीकडून दुसरं

आमच्या चाकणच्या कंपनीत नानांना सात भाषा येतात असा एक समज होता. तो नानांनीच पसरवला असं मी म्हणणार नाही, पण खोडून काढायचे कष्टही त्यांनी कधी घेतले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत एकच्या सुमाराला, म्हणजे जर्मनीत सकाळी साडेआठ-साडेनऊला, त्यांच्या टेबलावरचा फोन हमखास वाजायचा. नाना डाव्या हातातली पोळी तशीच धरून रिसीव्हर खांद्यात अडकवायचे आणि तिथल्या कुणा बाईंना सांगायचे, ‘‘मॅडम, थर्ड लाइन फ्रॉम बॉटम. येस. नाऊ राइट साइड, सेकंड बटन. व्हॉट इज रिटन? नो नो, डोन्ट टेल. प्रेस.’’ बाई दाबायच्या. पलीकडून ‘आऽऽ’ असा सुटकेचा आवाज यायचा. नाना पोळीचा घास घ्यायचे.

असे एक नाना प्रत्येक मोठ्या कंपनीत असतात. हुद्द्याच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो, लोक त्यांना ‘सिस्टीमवाले’ म्हणतात. खिशात पेनाऐवजी स्क्रू-ड्रायव्हर, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि ‘रीस्टार्ट करून बघितलं का?’ हा प्रश्न ते ‘जेवलात का?’ इतक्या आपुलकीने विचारतात. आमच्या नानांचा विशेष म्हणजे त्यांची सीडींची काळी बॅग. चेनवाली, पाकिटं-पाकिटांची. तिच्यात विंडोज एक्सपी चार भाषांत होती: इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी. प्रत्येक सीडीवर मार्करने नानांच्या अक्षरात एकेक खूण. जर्मनवर ‘ज’, जपानीवरही ‘ज’. फरक एवढाच की जपानी ‘ज’ला खाली एक टिंब होतं, आणि हे गुपित आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हतं. नाना आजारी पडले त्या आठवड्यात अकाउंट्सचं एक मशीन जपानी झालं.

ते झालं तेव्हा हेडक्लार्क घाबरून माझ्याकडे आले. भाषेचं त्यांना काही वाटलं नव्हतं. त्यांची तक्रार निराळीच होती. ‘‘अहो, सी ड्राइव्हच्या पुढे येनची खूण येतेय. प्रत्येक फोल्डरच्या मध्ये येन. हे पैसे कुणाच्या खात्यात टाकायचे?’’ जपानी विंडोजमध्ये उलट्या तिरप्या रेघेच्या जागी येनचं चिन्ह दिसतं, जुन्या जपानी अक्षरसंचातली ती खोड आहे, हे नानांनी बरे झाल्यावर समजावून सांगितलं. तोवर हेडक्लार्कांनी प्रोव्हिजन करून ठेवली होती.

नानांचं तत्त्वज्ञान एका वाक्याचं होतं: पाया इंग्रजी ठेवा, वरून पाहिजे त्या भाषेचा गिलावा करा. एक्सपीच्या जमान्यात ते करता यायचं. इंग्रजी विंडोजवर वरून भाषा चढवायची एक वेगळी सीडी मिळे, पण ती दुकानात नाही. कंपनीने घाऊक लायसन्स घेतलं असेल तरच. नाना त्या सीडीला ‘गिलावा’च म्हणत आणि ती बॅगेत न ठेवता कपाटात, कुलपात ठेवत. गिलावा कधी पूर्ण बसायचा नाही. मेनू जर्मन, पण मध्येच एखादी खिडकी इंग्रजीत उघडायची. ‘‘असू दे की,’’ नाना म्हणायचे, ‘‘पोपडा निघाला तर आत भिंत आपली आहे हे कळतं.’’

हेड ऑफिसला हे पटत नव्हतं. त्यांचं म्हणणं, ज्या देशात ऑफिस त्या देशाची अस्सल भाषेतली विंडोज घ्या, माणसाला आपली भाषा मिळाली पाहिजे. ऐकायला किती छान! त्यावर व्हिडिओ कॉन्फरन्स झाली. नानांनी तयारी केली होती. २००४ सालचा सर्व्हिस पॅक टू अडीचशे एमबीच्या वरचा, आणि तो प्रत्येक भाषेचा वेगळा. चार भाषा म्हणजे चार वेळा उतरवा, चार वेळा तपासा. हे त्यांनी सांगितलं, कुणी मान डोलावली नाही. मग त्यांनी हुकमाचं पान टाकलं: तिकडच्या सगळ्या मशीनवर एकदम चालवायला म्हणून त्यांनी इथे बसून लिहिलेली स्क्रिप्ट. ती पुण्यात सुरळीत चालली होती आणि जर्मनीत पहिल्याच ओळीला आडवी झाली होती. कारण ती ‘प्रोग्रॅम फाइल्स’ नावाचं फोल्डर शोधत होती आणि जर्मन एक्सपीत त्या फोल्डरचं नाव ‘प्रोग्रामं’. पुढे ती ‘ॲडमिनिस्ट्रेटर्स’ नावाचा गट शोधत होती. तिकडे त्याचं नाव ‘अडमिनिस्ट्राटोरेन’, फ्रान्समध्ये आणखी तिसरं. ‘‘एकाच माणसाला,’’ नाना म्हणाले, ‘‘आईकडे बाळू, सासरी बाळासाहेब आणि रेशन कार्डावर बाळकृष्ण. रॉकेल द्यायचं कुणाला?’’ दुभाष्याने याचं काय केलं ते कळलं नाही, पण तिकडचे सगळे एकदम गंभीर झाले आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

त्या दिवसापासून नानांनी त्या गटाचा खरा क्रमांक पाठ केला. विंडोज आतून नाव बघत नाही, नंबर बघते, आणि तो नंबर सगळ्या भाषांत एकच असतो: एस-१-५-३२-५४४. स्वतःच्या लग्नाची तारीख विसरणारे नाना हा नंबर झोपेतून उठवलं तरी सांगायचे. एकदा बँकेच्या फॉर्मवर त्यांनी खातेक्रमांकाच्या जागी तोच लिहिला होता म्हणे. ही अकाउंट्समधल्या लोकांची पुडी असू शकेल. येन प्रकरणाचा राग होताच.

पासवर्डांच्या बाबतीत नाना पार सोवळ्याचे. जर्मन कीबोर्डवर वाय आणि झेड एकमेकांच्या घरात राहतात, फ्रेंच कीबोर्डवर ए-क्यू आणि झेड-डब्ल्यू यांनी जागा बदललेल्या, एम एका बाजूला पळालेला, आणि आकडे तर शिफ्ट दाबल्याशिवाय उमटत नाहीत. पासवर्ड टाकताना दिसतात नुसते ठिपके, त्यामुळे माणूस शपथेवर सांगतो की मी बरोबर टाकला. जर्मनीहून आलेल्या एका इंजिनिअरने आमच्या मशीनवर स्वतःचा पासवर्ड तीनदा टाकला, तीनदा चुकला, खातं लॉक झालं. तो लाल झाला. नानांनी त्याला फक्त विचारलं, ‘‘वाय आहे का त्यात?’’ इंजिनिअर पांढरा पडला. त्याला वाटलं, याला माझा पासवर्ड माहीत आहे. मग नानांनी फतवा काढला: परदेशी जाणाऱ्याच्या पासवर्डात ए, क्यू, डब्ल्यू, झेड, वाय, एम वर्ज्य, आकडे बाजूच्या नंबरपॅडवरून. चातुर्मासात कांदा-लसूण नाही तसं.

हे सगळं नाना स्वतः एकदा महिनाभर जर्मनीला जाऊन आल्यावरचं. तिथे त्यांनी पहिल्याच दिवशी पोचल्याचा मेल करायला घेतला आणि ‘ॲट’ची खूण सापडेना. ती तिकडे क्यूवर असते, उजवीकडचं आल्ट दाबून. ती सापडेपर्यंत घरच्यांनी ट्रॅव्हल एजंटला फोन केला होता. बाकी त्यांचं काही अडलं नाही. त्यांची सगळी जर्मन भाषा विंडोजच्या मेनूतली, जेमतेम चाळीस शब्दांची, पण तेवढ्यावर त्यांनी महिना काढला. हॉटेलात नको असलेलं आलं की ते ताट पुढे सारून ‘आब्ब्रेखन!’ म्हणत. कॅन्सल. कचऱ्याचा डबा विचारायला ‘पापिअरकोर्ब’. निघताना निरोप घ्यायला त्यांना शब्द सुचेना, तेव्हा ते सगळ्यांशी हात मिळवून ‘हेरुंटरफारेन’ म्हणाले. शटडाउन. तिकडचे लोक अजून त्यांची आठवण काढतात.

माझा आणि नानांचा जवळचा संबंध आला तो बोल्टांमुळे. मी परचेसला. जर्मनीहून फाइल आली, एका बोल्टापुढे संख्या १.५००. आमच्या मुलाने ती उघडली, मशीनने दीड वाचलं, त्याने हुशारीने पूर्णांक करून दोन बोल्टांची ऑर्डर टाकली. पुरवठादाराचा फोन आला, ‘‘साहेब, दोन बोल्ट पाठवायला टेम्पो करू का पोराच्या खिशातून देऊ?’’ जर्मन माणूस हजारांमध्ये टिंब देतो आणि दशांशाला स्वल्पविराम. मी तणतणत नानांकडे गेलो: तुमचा इंग्रजी पाया, तरी हे कसं झालं?

नानांनी मला स्टुलावर बसवलं. स्वतःच्या थर्मासमधला चहा दिला, हा मान सहसा कुणाला मिळत नसे. ‘‘साहेब, चार गोष्टी चार असतात. मशीन बोलतं कुठल्या भाषेत, ही एक. तुम्ही टाइप करता कुठल्या कीबोर्डने, ही दुसरी. तारीख, आकडे, पैसे कसे लिहायचे, ते रीजनल सेटिंग तिसरं. आणि चौथं, युनिकोड न समजणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमची समजूत कुठल्या भाषेत काढायची. चारही वेगवेगळ्या देशांत ठेवता येतात. बोला इंग्रजीत, लिहा मराठीत, हिशेब जर्मनीत.’’ मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, ‘‘लोक एक बदलतात आणि चारही बदलली समजतात. सून आणली की घर बदललं समजतात तसं.’’ मी त्या दिवसापासून परदेशी फाइल आली की आधी टिंबाकडे बघतो.

मराठीचं प्रकरण मात्र नानांच्या जिव्हारी लागलेलं. एच.आर.च्या बाईंना कल्पना सुचली की महाराष्ट्र दिनाला गेटवरचं मशीन मराठी करायचं. मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठी मराठीचा एक पातळ थर फुकट दिला होता, इंग्रजीवर चढणारा. नाना हरखले; गिलावा, आणि तोही फुकट! चढवला, तर आधी अक्षरांची शेवयांसारखी गत. वेलांट्या अक्षराच्या मागून चालायला लागल्या. एक्सपीत आपल्या लिपीसाठी वेगळी खूण करावी लागायची आणि खूण केली की ती मूळ सीडी मागायची. तेव्हा काळी बॅग आली. मग सूचना टाइप झाली: ‘दुसर्या पाळीच्या कामगारांनी’. नानांनी कपाळाला हात लावला. रफार! ‘दुसऱ्या’तला ऱ्या कुणाला येईना. नाना वाकले आणि एका बोटाने दाखवलं: शिफ्ट आणि जे, मग डी, मग तिरपी रेघ, मग ई. पडद्यावर ‘ऱ्या’ उमटला. इन्स्क्रिप्टमध्ये तो तिथेच होता, कुणी दार ठोठावलं नव्हतं इतकंच. नानांनी तीनदा पुसून तीनदा उमटवला.

आठवड्याने गेटवरचे मामा नानांकडे आले. टोपी हातात. ‘‘नाना, राग मानू नका, पण ते पहिल्यासारखं करून द्या. मराठी कळत नाही.’’

‘‘अहो मामा, तुमची मातृभाषा!’’

‘‘मातृभाषा घरी. इथं मी सेव्ह मारतो, हे म्हणतंय ‘जतन करा’. मी म्हातारा माणूस, काय काय जतन करू?’’

नानांनी थर काढला. त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत.

पुढे काळ बदलला. २०१२ मध्ये विंडोज आठ आली आणि ज्याला पाहिजे त्याने आपापली भाषा इंटरनेटवरून उतरवून घ्यावी, असं झालं. गिलाव्याची सीडी कुलपात पडून राहिली. फक्त अधूनमधून कुणी साहेब परस्पर दुकानातून स्वस्त लॅपटॉप घेऊन यायचा, तो ‘सिंगल लँग्वेज’ निघायचा, आणि त्यावर जपानी पाहुण्याला बसवायचं असायचं. अशा वेळी नाना लॅपटॉप उलटा करून खालचं स्टिकर वाचत आणि एखाद्या स्थळाची पत्रिका न जुळल्यासारखे मान हलवत.

पण मला नाना आठवतात ते त्याआधीचे, दुबईच्या फोनवरचे. तिथल्या छोट्या ऑफिसने कुणाला न विचारता अरबी विंडोज घेतली होती. नानांनी सवयीने सुरुवात केली, खालून तिसरं, उजवीकडून दुसरं. काहीच जुळेना. अरबीत सगळा पडदाच आरशातला: स्टार्टचं बटण उजव्या कोपऱ्यात, खिडकी बंद करायची फुली डावीकडे. आयुष्यात पहिल्यांदा नानांचा नकाशा चुकला. ते फोन होल्डवर ठेवून उठले, वॉशबेसिनवरचा आरसा खिळ्यावरून काढून घेऊन आले, आणि आमच्या इंग्रजी मशीनसमोर धरायला मला उभं केलं. मग पडद्याकडे पाठ करून, आरशात बघत, ते दुबईला बोलायला लागले. पाऊण तास. माझे हात भरून आले. मध्येच त्यांनी आरशात बघून मिशीतला एक पांढरा केस उपटला.

पलीकडे केरळचा एक शांत मुलगा होता. ‘‘दाएँ से दूसरा दबाओ,’’ नाना. ‘‘दबाया.’’ ‘‘क्या हुआ?’’ ‘‘फिर वही आया, नानासाब.’’ असं दहा-बारा वेळा झाल्यावर तो जरा चाचरत म्हणाला, ‘‘नानासाब, मैं बचपन में अरबी पढ़ा हूँ. इसमें जो लिखा है, पढ़ के बताऊँ क्या?’’

नाना आरशावरून माझ्याकडे बघत थांबले.

‘‘नहीं नहीं,’’ ते म्हणाले, ‘‘पढ़ो मत. गड़बड़ होगी.’’