दिवाणजींची कंबर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे होतात आणि तिथल्याच अडत दुकानात, हळदीची पोती शेजारी असताना, दिवाणजी कंबर धरून बसलेले असतात. हळदीने अंगदुखी जात असती, तर सांगलीत दुखरी कंबर औषधालाही सापडली नसती. तरी लेप, बाम, पट्टा आणि आता जाळीच्या पाठीची महागडी खुर्ची असा खर्च चालूच आहे. माझं म्हणणं एवढंच, की हे सगळे उपाय आणखी आरामात बसण्याचे आहेत आणि दुखणं तर बसण्याचंच आहे. स्नायू एकाच जागी धरून ठेवला की त्यातलं रक्त मंदावतं. मणक्यांमधल्या चकत्यांना मोठेपणी स्वतःच्या रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात, त्यामुळे हालचालीने दाब कमी-जास्त झाला तरच त्यांचं पोट भरतं. मानेची कथा आणखी वेगळी. केनेथ हंसराज या अमेरिकी शल्यविशारदांनी 2014 साली हिशेब मांडला, की 60 अंश मान खाली घालून मोबाइल बघताना मानेवर सुमारे 27 किलोंचा भार येतो. हा गणिती अंदाज आहे, त्यावर वाद घालता येईल. पण निम्मा धरला, तरी एवढं ओझं यार्डातला हमाल मजुरी ठरवल्याशिवाय उचलणार नाही. आपण ते रील बघायला फुकट उचलतो.

आता कोणी म्हणेल, ऊसतोड करणारे कुठे बसून असतात, त्यांचीही कंबर दुखतेच की. दुखते, कारण ते तासन्‌तास वाकलेले असतात. शरीराचं भांडण कुठल्याही एकाच अवस्थेशी आहे. बामने गुण येतो, हेही खरं. पण बाटली कपाटात असते आणि उठून आणावी लागते, तेव्हा निम्मं श्रेय त्या उठण्याला द्यायला हरकत नसावी. वजनदार आक्षेप सूर्यनमस्कारवाल्यांचा: पहाटे नमस्कार घातले की झालं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानच्या शाळांत नमस्कार रुजवले, 1938 मध्ये त्यांचं त्यावरचं इंग्रजी पुस्तक थेट लंडनहून निघालं. औंध आज साताऱ्यात, संस्थानातलंच आटपाडी सांगलीत; म्हणजे वारसा दोन्ही जिल्ह्यांचा. पण राजेसाहेबांची बहुतेक प्रजा नमस्कारानंतर शेतात जायची, लॅपटॉपपुढे नाही. सकाळी पोटभर जेवलं म्हणून दुपारची भूक टळत नाही, तसंच पहाटेच्या बारा नमस्कारांवर संध्याकाळपर्यंतची खुर्ची माफ होत नाही. दर अर्ध्या तासाने उठावं, खांदे फिरवावेत, फोन आला की चालत बोलावं. सातारकरांना त्यासाठी अजिंक्यताऱ्याचा चढ आयता आहे. ‘आमच्याकडे डोंगर कुठाय?’ हा सांगलीकरांचा बचाव मात्र टिकत नाही. कृष्णेला पूर आला, की पाणी किती फूट चढलं ते बघायला निम्मं गाव आयर्विन पुलाकडे निघतं. पाणी उतरल्यावर तिकडे जायला कुणी बंदी घातलेली नाही.