झावीची मिसळ

श्रावणाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे २५ जुलै २०२५ला सकाळी, मी नगरच्या सावेडीतल्या आमच्या टपरीवर जाऊन जाहीर केलं की बार्सिलोनाचा झावी भारताच्या फुटबॉल संघाचा कोच व्हायला तयार आहे. आदल्या दिवशी दिव्याची अवस होती. लौकिक भाषेत गटारी. टपरीवरच्या चौघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग माझ्या डोळ्यांकडे. टपरीवाल्या मामांनी काही न विचारता चहाऐवजी लिंबूपाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

"अहो मामा, पेपरात आलंय. अर्ज केलाय त्यानं."

"आसंल, आसंल," मामा म्हणाले. "आधी हे घ्या."

खरं तर नगरच्या माणसाला अशा बातमीनं दचकायचं कारण नाही. जिल्ह्याचं विभाजन होणार हे मी चड्डीत असल्यापासून ऐकतोय. सतरा हजार चौरस किलोमीटरचा, चौदा तालुक्यांचा, राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा. तो फुटणार, आणि फुटल्यावर मुख्यालय संगमनेरला, श्रीरामपूरला की शिर्डीला, यावर इथे दोन पिढ्यांनी चहा ढोसलाय. उड्डाणपूल होणार होणार म्हणता म्हणता २०२२ साली खरंच झाला, तेव्हा आमच्या कट्ट्यावर काहींना चार दिवस करमलं नाही. नगर-बीड-परळी रेल्वे तर १९९५ सालची मंजूर. कोण येणार, कधी येणार आणि येणार तरी का, यावर बोलायला जे शिक्षण लागतं ते आमचं केव्हाच पूर्ण झालंय. फुटबॉलवाले कोचच्या अशा शिक्षणाला प्रो लायसन्स म्हणतात.

आता हा जिल्हा तसा क्रिकेटचा. झहीर खान श्रीरामपूरचा, अजिंक्य रहाणे संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा. फुटबॉल नगरात लष्कराच्या बाजूला जास्त. कॅम्पात रणगाडेवाल्यांचं केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचं आहे, आणि तिथून निवृत्त होऊन नगरलाच घर बांधणाऱ्यांपैकी एक म्हणजे आमचे सुभेदार काका. रेजिमेंटच्या संघात ते लेफ्ट बॅक होते. रणगाडा आणि लेफ्ट बॅक दोघांनाही मागे वळायला वेळ लागतो, पण एकदा पुढे निघाले की समोरच्यानं बाजूला व्हावं, असं ते म्हणतात. वादातही त्यांची तीच पद्धत.

कोचची जागा रिकामी झाली ती २ जुलैला. स्पेनचे मानोलो मार्केझ भारताचे कोच होते आणि बराच काळ एफसी गोवाचेही कोच होते. आमच्याकडे याला अतिरिक्त कार्यभार म्हणतात. तलाठ्याकडे दोन सजे असले की जे होतं तेच झालं. आठ सामन्यांत एक विजय, तोही मालदीवविरुद्ध, आणि त्या सामन्यात निवृत्तीतून परत बोलावलेल्या चाळिशीच्या सुनील छेत्रीनं गोल मारला. जूनमध्ये हाँगकाँगकडून हरलो, आणि जुलैत दोन्ही बाजूंनी सामंजस्यानं निरोप झाला. सामंजस्य हा शब्द मी आत्तापर्यंत फक्त घटस्फोटात आणि भाऊबंदकीच्या वाटणीत ऐकला होता.

जाहिरात निघाली. १७० अर्ज आले. याच जुलैत, ११ तारखेला, इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित झाल्याची बातमी आली. म्हणजे शाळेला कुलूप, आणि हेडमास्तर कोण यावर गावात हाणामारी. पण आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. उलट सामने नसल्यामुळे चर्चेत व्यत्यय येत नव्हता.

त्याच आठवड्यात, १० जुलैला, मेहेरबाबांनी मौन धरलं त्याला शंभर वर्षं झाली. १९२५ साली धरलेलं मौन त्यांनी १९६९ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. शहरालगत अरणगावच्या मेहेराबादला जगभरचे भक्त दरवर्षी त्या दिवशी तोंडातून शब्द काढत नाहीत. आमच्या टपरीवर त्या दिवशी तीन तास फक्त बचावफळीवर चर्चा झाली.

काकांचा माणूस ठरलेला होता, स्टीफन कॉन्स्टंटाइन. "दोनदा पोस्टिंग झालंय त्याचं इथं. पाणी, हवा, फेडरेशन, सगळं सोसलेला माणूस. जगात १७३व्या नंबरवरून शंभराच्या आत आणलं होतं त्यानं." बदली होऊन पुन्हा त्याच कचेरीत आलेल्या साहेबाबद्दल नगरी माणसाला एक प्रकारचा विश्वास असतो. कॉलेजातला एक पोरगा खालिद जमीलचं नाव घ्यायचा. पोरगा मुंबईला राहून आलेला, त्यामुळे त्याचं कुणी फारसं मनावर घेत नव्हतं. मामांचा कल कोच निवडणाऱ्या समितीकडे होता. समितीचे अध्यक्ष आय. एम. विजयन लहानपणी त्रिशूरच्या स्टेडियमबाहेर सोडा विकायचे, हे मी त्यांना सांगितलं आणि पस्तावलो. त्या दिवसापासून "विजयनशेठ काय म्हणत्यात?" असंच सुरू झालं. धंद्यातला माणूस चुकीचा कोच आणणार नाही, ही मामांची खात्री.

"पण पत्रिका बघितली का कोचची?" मामांनी एकदा विचारलं. सगळे हसले. मी हसलो नाही. २०२२मध्ये अफगाणिस्तानच्या सामन्याआधी संघातल्या खेळाडूंची यादी ज्योतिषाला दाखवली गेली होती, हे मी पेपरात वाचलं होतं.

तर झावी. मी त्या शुक्रवारी लिंबूपाणी बाजूला ठेवून बातमी मोठ्यानं वाचून दाखवली. भारतीय फुटबॉल महासंघाच्याच माणसानं सांगितलं होतं की झावीचं नाव यादीत आहे, पण परवडणार नाही म्हणून पुढे गेलं नाही. परवडणार नाही, हे ऐकल्यावर टपरीचा विश्वास बसला. खोटी बातमी एवढी गरीब नसते.

"म्हणजे यायला तयार आहे. अडलंय फक्त पैशावर," मी म्हणालो. "वर्गणी काढली तर होईल."

"राव, तो येत नाही," काका म्हणाले. "लावा एक मिसळ. जादा पावासकट."

लावली.

संध्याकाळी घरी मुलगी शेंगा सोलत बसली होती. इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे आमच्या घरात तिला वीज, फोन आणि जग या तिन्हीतलं कळतं. मी तिला बातमी सांगितली. झावीनं म्हणे ई-मेलवर अर्ज पाठवला होता, साध्या जीमेलवरून. तिनं मान वरही केली नाही.

"जीमेलवरून?"

"हो. साधा माणूस आहे."

"बाबा, आपल्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्यानं स्वतःची वेबसाइट काढलीये." तिनं एक शेंग फोडली, आत किडका दाणा निघाला, तो बाजूला टाकला. "तुम्हीच करा ना अर्ज. तुमचंपण जीमेलच आहे."

शनिवारी, २६ जुलैला, महासंघानं खुलासा केला की झावी आणि पेप गार्डिओला यांच्या नावानं आलेले अर्ज खरे नव्हते. नंतर एकोणीस वर्षांच्या एका विद्यार्थ्यानं पुढे येऊन सांगितलं की झावीचा अर्ज आपणच पाठवला होता. माझं वैभव एक दिवस टिकलं. पण मला एका गोष्टीचं समाधान आहे. मी फक्त झावीला फसलो. गार्डिओलाचा अर्ज माझ्यापर्यंत आलाच नव्हता.

रविवारी टपरीवर जायला पाय उचलेना. गेलो, तर काका काही बोलले नाहीत. नुसते समोरच्या हॉटेलच्या पाटीकडे बघत राहिले. सैन्यात याला फायर कव्हर म्हणत असावेत.

कोच होणं म्हणजे काय हे मला माहीत नाही असं नाही. सोसायटीतल्या बारा वर्षांखालच्या मुलांचा मी एकदा अकरा दिवस कोच होतो. निवडीचं कारण एवढंच की सामना बघताना बिल्डिंगमध्ये सगळ्यात मोठ्यानं मी ओरडतो. पहिला सामना आम्ही शेजारच्या सोसायटीकडून सात-शून्य हरलो. घरी परतताना नऊ वर्षांच्या आमच्या गोलकीपरनं माझा हात धरून विचारलं, "काका, उद्यापासून दुसरे काका येणार का?" रात्री सोसायटीच्या ग्रुपवर तीन नावं फिरत होती. मी त्या चर्चेत हिरिरीनं भाग घेतला आणि एका नावाला पाठिंबाही दिला. तेव्हा मला कळलं की या सगळ्या भानगडीत खेळण्यापेक्षा, शिकवण्यापेक्षा आणि जिंकण्यापेक्षा जास्त मजा पुढचा कोण यात आहे.

१९४४ साली एप्रिल ते सप्टेंबर या पाच महिन्यांत पंडित नेहरूंनी इथल्या भुईकोट किल्ल्यात बसून अख्ख्या भारताचा शोध लिहून काढला. महासंघाला एका कोचचा शोध लागायला महिना पुरला, हे वेगानंच झालं म्हणायचं. अंतिम यादीत तीन नावं उरली. कॉन्स्टंटाइन, स्लोव्हाकियाचे श्टेफान तार्कोविच आणि खालिद जमील. १ ऑगस्टला जमीलचं नाव जाहीर झालं. गोव्याच्या सावियो मेडेरानंतर तेरा वर्षांनी भारताला भारतीय कोच मिळाला. २०१७मध्ये त्यानं ऐजॉलसारख्या छोट्या संघाला आय-लीग जिंकून दिली होती, हे कॉलेजातल्या पोरानं दिवसभरात अकरा वेळा सांगितलं. मामांनी विजयनशेठच्या नावानं सगळ्यांना अर्धा चहा फुकट पाजला. काका म्हणाले, "माझा हरला, तुमचा तर उभाच नव्हता. मिसळ कधी?"

आणि मग काय, टपरीवर शुकशुकाट. कोच ठरला म्हटल्यावर बोलायचं काय? ऑगस्टच्या शेवटी एका स्पर्धेत भारत ताजिकिस्तानला त्यांच्याच घरी २-१ हरवून आला, पुढे ओमानला पेनल्टीवर नमवून त्या स्पर्धेत तिसरा आला. खूप चांगलं झालं, सगळे म्हणाले, आणि पुन्हा जिल्हा विभाजनाकडे वळले. काकांनी एकदा १९५१ आणि १९६२च्या एशियाडची सुवर्णपदकं काढली, तेव्हाच्या कोचचं, हैदराबादच्या रहीमसाहेबांचं, नाव घेतलं, शाळामास्तर होते म्हणाले. कुणी वाद घातला नाही. वाद न झाल्यामुळे काकांचाही त्यातला रस गेला.

१४ ऑक्टोबरला मडगावात सिंगापूरकडून १-२ हरलो आणि २०२७च्या आशिया कपचं दार बंद झालं. १८ नोव्हेंबरला ढाक्यात बांगलादेशनं एका गोलनं हरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा टपरी भरलेली होती. बसायला बाकावर जागा नाही. मामांनी दूध उतू जाऊ दिलं.

"या, या," काकांनी सरकून जागा केली. कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर तरतरी होती. "मग? आता कोण?"

मी फोन काढून जीमेल उघडलं.

मिसळीचे पैसे मी त्याच दिवशी देऊन टाकले. दोन मिसळ, चार पाव जादा. बीडची गाडी १७ सप्टेंबरला सुरू झाली. जिल्ह्याचं विभाजन अजून व्हायचंय.