टर्बाइनवाले नाना

नवी वस्तू विकत घेणं हा, नानांच्या मते, पैसा असलेल्या आणि डोकं नसलेल्या माणसांचा उद्योग आहे. पुण्यातल्या प्रत्येक मोठ्या सोसायटीत असे एक नाना सापडतात. कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेले, बुधवार-रविवार न चुकता जुन्या बाजारात दिसणारे, आणि बोलताना हातात व्हर्निअर असल्यासारखी दोन बोटं चिमटीत धरणारे.

अशा नानांचा अमेरिकेतला पुतण्या कुणाच्या तरी गराजमधून एक जुनं टर्बाइन उचलून आणतो. रंग फवारायचं. ते १२० व्होल्टचं, आपल्याकडे २३०. म्हणजे आधी ट्रान्सफॉर्मर आला. तो यंत्रापेक्षा जड आणि यंत्रापेक्षा महाग. "पण यंत्र फुकट पडलं ना!" हा नानांचा हिशेब.

वहिनी एकदाच बघतात आणि म्हणतात, "अहो, हा तर व्हॅक्यूम क्लीनर!" नाना दुखावतात, कारण वहिनी बऱ्याच अंशी बरोबर असतात. मोटर त्याच जातकुळीतली. फरक इतकाच, की इथे हवा ओढण्याऐवजी फेकायची. हवा भरपूर, दाब मात्र जेमतेम. गाडीच्या टायरमध्ये तीसेक पीएसआय असतो, तिथे तीन पंख्यांचं टर्बाइन पाच-सहावर भागवतं. त्यामुळे रंग हवेत कमी उडतो, लाकडावर जास्त बसतो. मोटरच्या कार्बनमधून ठिणग्या उडतात म्हणून यंत्र थिनरच्या वाफेपासून लांब ठेवायचं असतं. नानांनी ते स्वयंपाकघरात ठेवलं आणि नळी बाल्कनीत नेली. तेव्हापासून त्या घरात कुकरच्या शिट्ट्या कुणी मोजू शकलेलं नाही.

खरं प्रकरण गनचं. जुन्या गनमध्ये सुई एका मापाची, नोझल दुसऱ्या मापाचं आणि एअर कॅप तिसऱ्याच कुणाची, अशी आघाडी असते. लॅकर, मेलामाईन अशा पातळ मालाला साधारण १.० ते १.४ मिलिमीटर, प्रायमरला १.८ किंवा त्याहून मोठं. सुई आणि नोझल एकाच मापाचे नसतील तर ट्रिगर सोडल्यावरही टपटप चालूच. नाना नोझल खिडकीच्या उजेडात धरतात, डोळ्याला भिंग लावतात आणि न्यायाधीशाच्या आवाजात सांगतात, "ओव्हल झालंय."

मग नव्या नोझलसाठी बोहरी आळी. दुकानदार ड्रॉवरमधून एक नोझल काढतो. "घ्या काका, बसेल."

"हे कंप्रेसरच्या गनचं आहे."

"गन ती गनच ना काका?"

यावर नाना अर्धा तास बोलतात. मागे गिऱ्हाइकांची रांग लागते, पण त्यातले दोघं वाद ऐकायला थांबलेले असतात. नानांचं म्हणणं चूक नसतंच. कंप्रेसरच्या गनला हवा वेगळ्या दाबाने मिळते, तिच्या कॅपची भोकं त्या बेताने पाडलेली. टर्बाइनवर ती नुसती फुसफुसते. शेवटी परदेशातून पूर्ण सेट येतो. सुई, नोझल, कॅप, तिन्हींवर एकच आकडा. नाना तो आठवडाभर शोकेसमध्ये ठेवतात.

सेट बसवला तरी गन थुंकतेच. फवारा, थुंकी, फवारा. नाना आणखी एक सेट मागवायच्या बेतात असताना खालच्या मजल्यावर कपाटं पॉलिश करणारा पोरगा वर येतो. तो नोझलकडे ढुंकूनही बघत नाही. गनपासून रंगाच्या कपाच्या झाकणाकडे जाणारी करंगळीएवढी नळी उपसतो आणि तोंडाने फुंकतो. हवा जात नाही. कपावर दाब देणारी हवा याच नळीतून जाते, आणि रंग उलटा येऊ नये म्हणून मध्ये एक इवलासा व्हॉल्व्ह असतो. त्याची पातळ चकती कुठल्यातरी अमेरिकन वॉर्निशने चिकटून बसलेली. थिनरमध्ये बुडवली, सुटली. पोरगा चहा पिऊन गेला. नाना म्हणाले, "मला शंका होतीच."

यंत्र आता झकास चालतं. त्याने रंगवलेलं मात्र काही नाही. आधी फोर्ड कपाने लॅकर किती पातळ आहे ते स्टॉपवॉच लावून मोजायचंय, मग पाऊस संपायला हवा. दमट हवेत लॅकर पांढरं पडतं, हेही खरंच आहे. नानांची सगळी कारणं खरी असतात, हाच त्यांचा मोठा त्रास. ज्या दारासाठी हा घाट घातला, ते त्याच पोराने कापडाच्या बोळ्याने पॉलिश करून दिलं.

तुम्हाला जुनी टर्बाइन गन मिळालीच, तर पैसे देण्याआधी ती नळी फुंकून बघा आणि तिन्ही भागांवरचे आकडे जुळवा. आणि घरात १.३चा जादा सेट पडून असेल, तर सोसायटीत बोलू नका. नाना बघायला येतात आणि दोनदा चहा घेतल्याशिवाय उठत नाहीत.